हरडमामा आणि गेटवरचा रीडर

कुठलंही दार लावायच्या आधी हरडमामा आत डोकं घालून विचारायचे, "कोन हाय का आत?"

ते दार गोडाऊनचंच असलं पाहिजे असं काही नव्हतं. स्विचबोर्डाची पेटी असो, चहाच्या खोलीतलं फडताळ असो, नाहीतर त्यांचा स्वतःचा लोखंडी लॉकर असो. त्या लॉकरमध्ये जेवणाचा डबा आणि टॉवेल ठेवला की मुंगीलाही अंग चोरून बसावं लागलं असतं. तरी मामा विचारायचे आणि विचारून झाल्यावर थांबायचे. आतल्याला उत्तर द्यायला सवड मिळायला हवी ना! मग कडी घालायची.

कामगार मागून आवाज बदलून ओरडायचे, "हाय हाय, उंदीर हाय!"

मामा वळून बघायचे नाहीत. तितक्याच गंभीरपणे पेटीत सांगायचे, "मग भायेर ये आधी."

आमचा तारेचा कारखाना मुरबाडला. मी टाइम ऑफिसात होते, म्हणजे जिथे सगळ्यांची हजेरी लागते त्या गेटजवळच्या खोलीत. माझं माहेर शहापूरचं, लग्न करून मुरबाडला आले. हरडमामा कारखान्याचे इलेक्ट्रिशियन. पन्नाशीचा, उंच, जरासा पुढे वाकलेला माणूस, खाकी शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. टोकावड्याला खोली घेऊन एकटे राहायचे आणि एसटीने कामावर यायचे. मूळचे शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचे. त्यामुळे मी त्यांची गाववाली. पगारवाढीबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, पण "आमच्याकडं भात बरं हाय ना यंदा?" हे दर वर्षी विचारलं. गेली कित्येक वर्षं ते तिकडे फिरकले नव्हते.

एसटीतही त्यांचं तेच. कंडक्टरने बेलच्या दोरीला हात घातला की मामा खिडकीतून अर्धे बाहेर. "सगली चढली काय? कोन राह्यलं नाय ना?" त्या मार्गावरचे कंडक्टर इतके सरावले होते की पुढे पुढे तेच विचारायचे, "मामा, वाजवू का?"

एकदा आमच्या सुपरवायझरच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं उरकली, वऱ्हाड निघालं, हॉलवाला दिवे मालवायला लागला. मामा त्याच्याबरोबर खोली खोली फिरले. एका खोलीत गाद्यांच्या ढिगामागे नवऱ्या मुलाचे आजोबा गाढ झोपलेले सापडले. वऱ्हाडाची गाडी निघून गेली होती, ती परत बोलवावी लागली. त्या दिवशी कोणी मामांना हसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हसायला लागले.

मग गेटवर रीडर आला.

मोबाइल नुकते सगळ्यांच्या खिशात शिरले होते तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या हेड ऑफिसने ठरवलं की आता हजेरी मशीन घेईल. प्रत्येकाला एक कार्ड मिळणार, त्या कार्डाच्या पोटात बारीक चिप असणार. गेटच्या खांबांवर पांढऱ्या चौकोनी थाळ्या बसणार, त्यांना अँटेना म्हणायचं. कार्ड थाळीसमोरून गेलं की भिंतीवरचा डबा, म्हणजे रीडर, ते ओळखणार, पीं करणार आणि वायरीतून नाव माझ्या कॉम्प्युटरवर पाठवणार. तिथून ते थेट मुंबईला. कार्ड बाहेर काढायलाही नको, नुसतं चालत जायचं.

हे बसवायला ठाण्याहून निखिल नावाचा इंजिनिअर आला. हुशार मुलगा, फक्त बोलायचा भरभर. मामा त्याच्या हाताखाली वायरी ओढायला. निखिलने खोक्यातून रीडर काढला आणि लगेच प्लग लावायला निघाला, तर मामांनी त्याचा हात धरला.

"थांबा जरा. ठान्यावरनं आलाय तो. बसू द्या की घटकाभर."

"मामा, ते मशीन आहे."

"म्हनून काय झालं? खड्डे काय कमी हायेत रस्त्याला?"

निखिल हसला, पण बसला. मामांनी तेवढ्यात त्याला चहा पाजला. मला वाटतं, तो चहा निखिलसाठीच होता.

बसवून झाल्यावर गंमत झाली. अँटेनाची ताकद निखिलने भरपूर ठेवली होती. गेटसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. कार्ड खिशात घालून टपरीवर बसलेले सगळे मशीनच्या हिशेबी कारखान्यात हजर झाले! ही बातमी पसरायला अजिबात वेळ लागला नाही. टपरीवर इतकी गर्दी व्हायला लागली की चहावाल्याने आणखी एक बाकडं आणलं. शेवटी निखिल पुन्हा आला, त्याने ताकद कमी केली, थाळ्यांची तोंडं आतल्या बाजूला वळवली. मामा कार्ड हातात धरून एकेक पाऊल मागे सरकत होते आणि निखिल माझ्या खोलीतून ओरडत होता, "आहे... आहे... अजून आहे... गेलं!"

निखिल निघायच्या आधी त्याने मामांना माझ्या कॉम्प्युटरवर एक जागा दाखवली. आतल्या थाळीसमोरून जाऊन मग बाहेरच्या थाळीसमोर गेलं तर माणूस बाहेर पडला. उलटं असेल तर आत आला. त्यामुळे या घटकेला कारखान्यात कोण कोण आहे, त्यांची नावं पडद्यावर एकाखाली एक दिसत होती. वर शब्द होता, "आत".

मामा वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे हा इचारतो. आनि त्येला सांगतात?"

"सांगतात कसले, मामा, त्याला कळतंच."

"दार लावायच्या आधीच?"

"हो."

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि माझ्या पडद्यावरची धूळ पुसली. तेव्हापासून रीडर त्यांचा झाला. वीज जायची तेव्हा, आणि त्या वर्षांत ती रोज जायची, मामा पंप सोडून आधी रीडरच्या बॅटरीकडे धावायचे. उंदरांनी केबल कुरतडली तर लोखंडी नळी घालून दिली. आणि रोज सुट्टी झाली की माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. नावं एकेक करून गळत जायची. यादीत आमची आणि वॉचमनची नावं तेवढी उरली की ते एक मोठा श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "चला. आता लावा दार."

थोड्याच दिवसांत मुंबईहून फोन आला. पलीकडे पगार विभागातल्या बाई होत्या, चांगल्याच तापलेल्या.

"तुमच्याकडे राजा हरड म्हणून कोण आहे?"

मी म्हटलं, हरड आहेत, पण राजा नाही.

"असं कसं? रात्रंदिवस हजर दिसतोय. मधे पाच मिनिटं बाहेर जातो, परत आत. रविवारीसुद्धा घरी गेलेला नाही. याचा ओव्हरटाइम कोणी मंजूर केला?"

राजा हा आमच्या कारखान्यातला कुत्रा. वॉचमनच्या भाकरीवर वाढलेला. मामांनी निखिलकडून एक जास्तीचं कार्ड मागून घेतलं होतं आणि राजाच्या गळ्यात बांधलं होतं. रोज यादीत उरणारा हरड म्हणजे मामाच, असं मी समजत होते. मी कपाळाला हात लावला आणि मामांना बोलावलं.

"अवो म्याडम, तो पन आतच असतो ना? काय झालं त कळाया नको?"

"पण आडनाव कशाला दिलंत?"

"त्या निखिलला आडनाव लागत व्हतं. आडनावाबिगर त्याचं मशीन पुढंच जाईना. मंग माझं दिलं." जरा थांबून म्हणाले, "त्येला तरी दुसरं कोन हाय?"

राजाचं नाव काढून टाकावं लागलं. मामांनी काही तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी बाकी यादी रिकामी झाली की माझ्याकडे बघून म्हणायचे, "राजा धरून एक."

पण मशीनचंही चुकत होतं, आणि ते चुकणं एका बाईच्या पोटावर येणार होतं.

हिरू मेंगाळ आमच्याकडे ठेकेदाराने लावलेल्या बायकांमध्ये झाडलोटीला होती. टोकावड्याच्या वर डोंगराला लागून ठाकरांची वाडी आहे, तिथली. सकाळी ठेकेदाराचा टेंपो या बायकांना गोळा करून आणायचा, संध्याकाळी सोडायचा. एका संध्याकाळी यादीतली सगळी नावं गेली आणि हिरूचं राहिलं. मामा वाट बघत उभे. नाव हलेना.

"टेंपो गेला काय?"

टेंपो केव्हाच गेला होता. ड्रायव्हरला फोन लावला तर रेंज नाही. मॅनेजरसाहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "गेली असेल हो ती. मशीन कधी कधी चुकतं. बंद करा."

मामांनी बंद केलं नाही. तारेच्या भेंडोळ्यांमागे, बॉयलरच्या खोलीत, संडासात, सगळीकडे ते आणि वॉचमन हाका मारत फिरले. मिळाली नाही. मग मामा एसटी पकडून टोकावड्याला उतरले, आणि आपल्या खोलीकडे न वळता वाडीची चढण चढून गेले.

पुढची गोष्ट हिरूनेच दुसऱ्या दिवशी मला सांगितली, हसत हसत. "दिवा लावत व्हते मी, त दारात हा उभा. माझा नवरा घाबरला, बोल्ला, पोलीस आला. मामा मला बघतोय, बघतोय. मंग बोल्ला, 'हायेस ना? बरं.' आनि चालला परत! पानी पन नाय घेतला."

त्यानंतर हे वरचेवर व्हायला लागलं, आणि बहुतेक वेळा हिरूच. कधी जाताना तिचं नाव राहायचं, तर कधी येतानाच लागायचं नाही. जाताना राहिलं की मामांची चढण ठरलेली. पण येताना लागलं नाही की ती गैरहजर. महिना संपल्यावर ठेकेदार तिला म्हणाला, "अर्धा महिना येत नायस. तुझ्या जागी दुसरी बघतो." हिरू माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. आता हसत नव्हती.

"म्याडम, मी रोज येते. तुमी बघताव ना मला?"

मी बघत होते. पण माझ्या बघण्याला मुंबईत किंमत नव्हती. ठेकेदाराकडे मी बोलले, त्याने मशीनकडे बोट दाखवलं.

मामांनी तिला गेटवर बोलावलं. जेवणाची सुट्टी होती, सगळे जमले. तिला आत-बाहेर चालायला लावलं. रीडर गप्प. पुन्हा. पुन्हा गप्प. लोक ओरडायला लागले, "हिरूचं भूत हाय, ती दिसत नाय मशीनला!"

"कार्ड कुठं हाय?"

तिने कंबरेचा बटवा दाखवला. त्यात पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची पत्र्याची डबी आणि डबीला चिकटून कार्ड. मामांनी माझ्या टेबलावरून निखिलला फोन लावला. त्याने ऐकून सांगितलं की पत्र्याला टेकलं की कार्ड आंधळं होतं, त्याला थाळी दिसत नाही.

"डबी काढ," मामा म्हणाले.

हिरूने बटवा पोटाशी धरला. "डबी मी सोडायची नाय. कामावरून काढलं तरी चालंल."

"सोडू नको गो. डबी कंबरंला ऱ्हाऊ दे. कार्ड गल्यात घाल."

त्यांनी जुन्या वायरीचं रंगीत वेष्टण सोलून त्याची वेणी घातली, कार्डाला भोक असलेलं पाकीट लावलं आणि तिच्या हातात दिलं. हिरू चालली. पीं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदार तिथेच उभा होता. त्याला महिनाभराची हजेरी मान्य करावी लागली, कारण आता कार्ड आंधळं का होतं ते सगळ्या गेटने पाहिलं होतं. त्या आठवड्यात वाडीच्या सगळ्या बायकांनी मामांकडून लाल-पिवळ्या वेण्या करून घेतल्या. एकीने तर हिरवी मागितली, लुगड्याला शोभेल अशी.

तरी अधूनमधून एखादं नाव राहायचंच. कोणाचं कार्ड स्टीलच्या डब्याखाली दबायचं, कधी तारेचा ट्रक गेटात आडवा असायचा. मामा हिंडत राहिले, आज टोकावड्याच्या दिशेला, उद्या म्हसा गावाच्या. शेवटी मॅनेजरसाहेब वैतागले. मला म्हणाले, "ती 'आत'वाली यादी पडद्यावरून काढून टाका. हजेरी पुरे. हा माणूस लोकांच्या घरी जातो, बायका-माणसं घाबरतात. बरं दिसत नाही."

दुपारी मामा माझ्या खोलीत केबल बदलायला आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते टेबलाखाली होते. तिथूनच त्यांनी जुनी केबल ओढून काढली. मग मीच विचारलं, "मामा, एवढं काय आहे त्यात? कोणी राहिलं आत, तर सकाळी सापडेलच की."

टेबलाखालूनच आवाज आला.

"मी राह्यलो व्हतो."

शहापूरकडे एका सुताच्या कारखान्यात ते वायरमन होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागत होती, सगळ्यांना घरी जायची घाई. मामा मागच्या गोडाऊनमध्ये माळ्यावर चढून वायर जोडत होते. खाली कोणीतरी दार ओढलं, कुलूप घातलं, गेलं.

"ओरडलो त खूप. पन भायेर फटाके वाजत व्हते. माझा आवाज कोनाला जातोय? आगीसाठी बादल्या भरून ठेवलेल्या, त्यातलं पानी प्यालो. सुट्टी सरंपावेतो तितंच व्हतो."

"आणि घरी? घरी कोणी शोधलं नाही?"

"मला आई-बाप लहानपनीच नाय. चुलत्याकडं ऱ्हायचो. त्यांना वाटलं, कारखान्यातच दिवाली करतोय. कारखान्याला वाटलं, घरी गेला." केबल ओढल्याचा आवाज आला. "त्याचं काय नाय, म्याडम. चुकून व्हतं कोनाकडून. पन सुट्टी सरली, वॉचमनने दार उघडलं, मी समोर उभा. तो मला बघून काय बोल्ला माहिताय? 'अरे, आज लवकर आलास?'"

ते टेबलाखालून बाहेर आले, हात झटकले. "लावा आता. चालंल."

मी कॉम्प्युटर चालू केला. ती यादी मी काढली नाही. साहेबांकडे जाऊन मी एवढंच सांगितलं की आग लागली तर आत किती माणसं आहेत हे आपल्याला विचारतील, तेव्हा काय सांगायचं? साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या. पण त्याला म्हणावं, आधी फोन करत जा." मामांनी मग मोबाइल घेतला. नावं साठवायला मी शिकवलं. त्यात कारखान्यातले झाडून सगळे होते. त्यांना स्वतःहून फोन करणारं मात्र कोणी नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एके सकाळी मामांचं नाव लागलं नाही. मला वाटलं, एसटी चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही लागलं नाही. फोन वाजत होता, उचलत नव्हते. हिरू झाडू घेऊन खिडकीशी आली.

"मामा नाय आला?"

"नाही गं."

"मंग? कोन गेलं का बघाया?"

कोणीच गेलं नव्हतं. मीही नाही.

पुढच्या पहाटे बायकांना आणायला टेंपो निघाला, त्यात मी चढून बसले. टोकावड्याला पोचलो तर हिरू आणि वाडीच्या बायका रस्त्यावर उभ्याच होत्या, आणि हिरूचा नवराही आला होता. सगळे मिळून मामांच्या खोलीवर गेलो. दार ठोठावलं. आतून खोकल्याचा आवाज आला, मग कडी निघाली. मामा घोंगडी पांघरून उभे, डोळे तापाने लाल. समोर एवढी माणसं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं? आग लागली काय? लाइट गेली?"

"काय नाय झालं," हिरू म्हणाली. "तुमी आलं नाय, म्हनून आलू."

त्यांना ते नीट समजलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, तुम्हालाच बघायला आलोय."

मग ते बाजूला झाले. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टेस्टर आणि पकडी ओळीने टांगलेल्या. हिरूच्या नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि डॉक्टरला आणायला निघाला. बायकांनी ताबा घेतला. कोणी केर काढला, कोणी पाणी भरलं, हिरूने चहा टाकला. चहा झाला आणि ओतायला बघते तर घरात कप एकच. दुसरा ग्लासही नाही. मामा खाटेवर बसून जमिनीकडे बघत होते. एवढा ओशाळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

हिरूने फडताळातून त्यांचा जेवणाचा डबा काढला. त्याचे पुडे सुटे केले, झाकणं काढली, तांब्या घेतला, आणि सगळ्यांत चहा वाटला. कप मामांना दिला. आम्ही डब्याच्या झाकणातून भुरके मारत प्यायलो, दोघीत एक. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

"जावा आता," मामा म्हणाले. "उशीर लागंल." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "नायतर बसा अजून जरा."

आम्ही बसलो.

ताप उतरायला आठवडा गेला. ते कामावर आले आणि पहिल्यासारखेच राहिले. लॉकरलाही विचारायचे, एसटीतही वाकायचे. मग म्हशाची जत्रा आली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मामा गेटमधून आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं छातीशी धरून. माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी ते जपून उघडलं. कपबश्या होत्या, पांढऱ्या, काठाला निळी फुलं. अर्धा डझन.

"एकट्याला एवढ्या कशाला, मामा?" मी उगाच विचारलं.

त्यांनी एक कप उचलून उजेडात धरला, कुठे चीर नाही ना ते बघितलं, परत कागदात ठेवला.

"घरात असाव्यात," ते म्हणाले. "मानसं येत्यात."